स्टूप, पोर्च की मागचा डेक? अमेरिकेत घर बघताय तर दाराबाहेरचं पण बघा

होबोकन, जर्सी सिटी, ब्रुकलिन, नाहीतर खाली फिलाडेल्फिया-बाल्टिमोरकडे घर शोधणाऱ्या आपल्या लोकांच्या एक्सेल शीट्स मी बऱ्याच बघितल्यात. शाळेचं रेटिंग असतं, ट्रेनला किती मिनिटं ते असतं, प्रॉपर्टी टॅक्स असतो, फोडणीचा धूर बाहेर जाईल का हे सुद्धा असतं, पण दाराबाहेर बसायला काय आहे याचा कॉलम कुणीच टाकत नाही, आणि मग राहायला गेल्यावर तक्रार सुरू की इथे कोणी कोणाशी बोलतच नाही हो.

तर पर्याय साधारण तीन. रो-हाऊसचा स्टूप, म्हणजे फूटपाथवरून सरळ दारापर्यंत चढणाऱ्या पायऱ्या. सबर्बमधल्या घराचा फ्रंट पोर्च, म्हणजे दारापुढची छप्पर असलेली ओसरी. आणि तिसरा म्हणजे समोर नुसतं गराजचं दार आणि जे काय बसायचं ते मागच्या डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर. माझं मत आधीच सांगून टाकते, शेजार हवा असेल तर बुटका स्टूप एक नंबर, उंच स्टूपचे लाड जास्त होतात, पोर्चचं सगळं अंतरावर अवलंबून आहे आणि डेकला या बाबतीत शून्य मार्क.

आधी उंच स्टूप, कारण फोटो बघून सगळे त्याच्याच प्रेमात पडतात. न्यूयॉर्कची ती ब्राउनस्टोन घरं, आठ-दहा पायऱ्या, लोखंडी कठडा, वर भलंमोठं दार. घराचा दरवाजा उंचावर घ्यायची पद्धत डच लोकांनी आणली असं सांगतात, पण ती टिकली त्याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. मॅनहॅटनचा १८११ चा जो रस्त्यांचा प्लॅन झाला त्यात मागच्या गल्ल्या जवळपास ठेवल्याच नाहीत, मग कोळसा, भाजी, नोकरमाणसं, कचरा सगळं पुढूनच येणार-जाणार. म्हणून मालकांचा रस्ता पायऱ्या चढून वर आणि बाकी सगळ्यांचा पायऱ्यांच्या खालच्या दारातून. आज ते खालचं दार म्हणजे गार्डन लेव्हल, बहुतेक वेळा वेगळा भाडेकरू असतो तिथे. गंमत बघा, नोकरांना नजरेआड ठेवायला बांधलेल्या पायऱ्या, आणि पुढे न्यूयॉर्कच्याच बेड-स्टाय, हार्लेमसारख्या भागात अख्खी गल्ली त्यांच्यावर येऊन बसायला लागली, पोरं पायरीच्या कडेवर गुलाबी रबरी बॉल मारून स्टूपबॉल खेळायला लागली, घरातलं जुनं सामान मांडून स्टूप सेल व्हायला लागले. आपल्या कॉलेजच्या कट्ट्यासारखंच, बांधलं कशासाठी आणि लोकांनी वापरलं कशासाठी.

उंच स्टूपचा फायदा म्हणजे पहिला मजला इतका वर असतो की रस्त्यावरून जाणाऱ्याला तुमच्या हॉलमधलं काही दिसत नाही, आणि तुम्हाला मात्र सगळी गल्ली दिसते. पण बसायचं म्हटलं तर बघा, दहाव्या पायरीवर कोणी बसत नाही, सगळे खालच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर येऊन टेकतात, कारण तिथूनच चालणाऱ्या माणसाशी नजर जुळते. वरून बोलायचं म्हणजे गच्चीवरून ओरडल्यासारखं. म्हणजे एवढ्या पायऱ्यांतल्या चारच कामाच्या आणि मेंटेनन्स मात्र सगळ्यांचा.

तो मेंटेनन्स हलक्यात घेऊ नका. ब्राउनस्टोन म्हणजे एक प्रकारचा वाळूचा दगड, मऊ, थर असलेला, त्यात पाणी शिरतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मीठ टाकून बर्फ वितळवायची सवय असेल तर अजून लवकर सुटतात. दुरुस्ती म्हणजे बहुतेक ठिकाणी खराब भाग तासून त्यावर त्याच रंगाचं सिमेंट चढवणं, आणि ते नीट करणारा माणूस स्वस्तात मिळत नाही. घर हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे जुनी घरं जशीच्या तशी जपायच्या भागात असेल, न्यूयॉर्कमध्ये ही भानगड १९६५ पासून आहे आणि पहिला नंबर ब्रुकलिन हाइट्सचा लागला होता, तर स्टूपच्या कामाला लँडमार्क्सवाल्यांची, म्हणजे अशी घरं जपणाऱ्या सरकारी खात्याची परमिट लागते, मनाला येईल ती टाइल बसवून मोकळं होता येत नाही. उलट त्याच्या आधी विसाव्या शतकात घरांचे फ्लॅट पाडताना कितीतरी स्टूप तोडून टाकले. एखाद्या घराचं दार खाली रस्त्याच्या लेव्हलला आणि पहिल्या मजल्यावर मधोमध एक विचित्र मोठी खिडकी दिसली, तर तिथे पूर्वी दार असणार.

होबोकनवाल्यांसाठी एक वेगळा मुद्दा. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ आलं तेव्हा शहराच्या सखल भागात पाणी भरलं होतं, त्यामुळे तिथे उंच पायऱ्यांचं घर ही नुसती शोभा नाही. फक्त तुम्ही घेताय तो फ्लॅट गार्डन लेव्हलचा आहे की वरचा हे बघून घ्या, पायऱ्या वरच्याच्या कामाच्या.

आता बुटका स्टूप. बाल्टिमोरच्या रो-हाऊसला दोन-तीन-चार पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या असतात, दगड जवळच्या कॉकीजव्हिल भागातला, वॉशिंग्टन मॉन्युमेंटमध्येही त्याच पट्ट्यातला दगड आहे. कामगारांच्या साध्या घरांना अशा पायऱ्या, आणि तिथल्या बायका गुडघ्यावर बसून बॉन अमी पावडर आणि प्युमिस दगडाने त्या घासायच्या, अख्ख्या ओळीत कुणाची पायरी जास्त पांढरी याची चुरस. दार सरळ फूटपाथवर, तुम्ही पायरीवर बसलात तर जाणारा अगदी तुमच्या जवळून जातो, न बोलणंच अवघड! मला तरी ही उंची सगळ्यात बरोबर वाटते, तीन पायऱ्या म्हणजे बसायला बाक, सामान खाली ठेवायला जागा आणि पोरगं पडलं तरी फार लागत नाही.

तोटा उघड आहे, प्रायव्हसी. खिडकी फूटपाथला लागून, जाणारा येणारा आत डोकावणार. यावर तिथल्या लोकांनी काढलेला उपाय मला जाम आवडतो. १९१३ मध्ये एका चेक किराणा दुकानदाराने खिडकीच्या जाळीवर चित्र रंगवलं आणि लक्षात आलं की आतून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून फक्त चित्र दिसतं. मग घरोघरी रंगवलेल्या जाळ्या. पडदे लावून अंधारात बसण्यापेक्षा कितीतरी बरं.

दोन्ही स्टूपला लागू होणारा त्रास म्हणजे अनोळखी माणसं. तुमची पायरी रस्त्यावर आहे म्हणजे कोणीही येऊन टेकणार, फोनवर बोलणार, सिगरेट ओढणार, कप ठेवून जाणार, आणि रात्री अकराला तुमच्या खिडकीखाली गप्पा रंगणार. काही जण खाली गेट बसवतात, पण गेट लागलं की शेजारी पण यायचे थांबतात, मग स्टूप घेऊन केलं काय? आणि संध्याकाळी बिअर घेऊन बसायचा विचार असेल तर जपून, ब्रुकलिनमध्ये स्वतःच्याच स्टूपवर बिअर पिणाऱ्याला पोलिसांनी दंडाचं तिकीट दिलंय. पार्सल चोरीला जायची भीती स्टूपला आणि पोर्चला सारखीच.

बर्फाचं पण आहे. न्यूयॉर्कमध्ये घरासमोरचा फूटपाथ साफ करायची जबाबदारी तुमची, दिवसा सातच्या पुढे आणि पाचच्या आत बर्फ थांबला तर ४ तासांत, रात्री नऊनंतर थांबला तर सकाळी ११ पर्यंत. पायऱ्या त्याच्या वर, आणि उंच स्टूपवरचा बर्फ खरडणं म्हणजे कंबरेचं काम.

पोर्चकडे येऊ. छप्पर आहे, खुर्ची टाकता येते, पावसात बसता येतं, आजी-आजोबांना पायरीवर बसा म्हणायची वेळ येत नाही. आरामाच्या बाबतीत पोर्च सरळ जिंकतो. पण दोन गोष्टी मोजा, अक्षरशः टेप घेऊन. एक म्हणजे भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंतचं अंतर, ते सहा फुटांपेक्षा कमी असेल तर खुर्च्या भिंतीला चिकटून एका रांगेत लागतात, समोरासमोर बसताच येत नाही, आणि नव्या कॉलनीत असे चार फुटी शोभेचे पोर्च भरपूर असतात. दुसरं, फूटपाथपासून अंतर. दहा-बारा फुटांवर असाल तर साध्या आवाजात बोलता येतं, तीस-चाळीस फूट लॉन मधे आली की फक्त हात हलवायचा. आणि फूटपाथच नसेल, जे सबर्बमध्ये खूप ठिकाणी नसतो, तर पोर्चवर बसून गाड्या मोजा.

पोर्चचा इतिहास पण हेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन वसाहतीची हजारो घरं उभी राहिली त्यांना पोर्च नव्हता, टीव्ही आणि एसी आले, लोक आत गेले, बसणं मागच्या अंगणात गेलं. मग १९८० च्या दशकात फ्लोरिडात सीसाइड गाव बांधताना नियमच केला की घराला पुढे पोर्च हवा आणि तो रस्त्याजवळ हवा. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकामध्ये २००७ ला पोर्चफेस्ट सुरू झाला, लोक आपापल्या पोर्चवर गाणं-बजावणं करतात आणि बाकीचे गल्ल्या फिरत ऐकतात, नंतर कितीतरी गावांनी ते उचललं. घर बघताय त्या गावात असं काही होतं का विचारा.

डेकबद्दल जास्त लिहायचं कारण नाही. बार्बेक्यू, पोरांचे वाढदिवस, बोलावलेले पाहुणे, सगळं मस्त. पण न बोलावता कोणी येत नाही, तो प्रश्नच वेगळा.

आई-बाबा सहा महिने येऊन राहणार असतील, गुडघे दुखत असतील, किंवा स्ट्रोलर असेल तर एक गणित करून ठेवा. रॅम्पचा नेहमीचा उतार १ ला १२, म्हणजे सात इंचाच्या दहा पायऱ्या असल्या तर ७० इंच चढ आणि त्याला ७० फूट रॅम्प, रो-हाऊससमोर तेवढी जागाच नसते. तीन पायऱ्यांना २१ फूट, तेही सोपं नाही पण एखादा मजबूत कठडा आणि हात धरायला माणूस असला तर निभतं. उंच स्टूपवालं घर घ्यायचंच असेल तर गार्डन लेव्हलचं दार आपल्या ताब्यात आहे ना ते बघा, आई-बाबांची खोली तिथे करता येते.

आणि कॉन्डो, म्हणजे अशा घरातला एखादा फ्लॅट विकत घेत असाल तर सही करायच्या आधी एजंटला एकच विचारा, स्टूप कुणाचा? बऱ्याच ठिकाणी तो सगळ्यांचा सामाईक असतो, कुंडी ठेवायची की नाही, सायकल लावायची की नाही, बसायचं की नाही याचे नियम कागदात असतात, आणि दुरुस्तीचं बिल मात्र गार्डन लेव्हलवाल्यालाही येतं, जो त्या पायऱ्या कधी चढत पण नाही.