शिळ्या उसातलं डेक्स्ट्रान मोजायचंय, एसईसी घ्यायचं की एफएफएफ?

बेळगाव, चिकोडी, गोकाक, कुठंबी जावा साखर कारखाने हायतच, त्यामुळं प्रोजेक्टसाठी डेक्स्ट्रान (शिळ्या उसात तयार होणारा, साखरेच्या लांब साखळ्यांचा पॉलिमर) डोक्यात येणं साहजिक आहे, आणि मग गाडी अडते ती मशीनपाशी: एसईसी (साइज एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफी, छिद्रंवाल्या दाण्यांच्या कॉलममधनं रेणू आकारानं वेगळे करायचे, मोठे आधी निघतात) की एफएफएफ (फील्ड फ्लो फ्रॅक्शनेशन)? माझं मत आधीच सांगतो, तुमचा पॉलिमर नीट विरघळणारा आणि दहा-वीस लाख डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) आतला असेल तर गुपचूप एसईसी घ्या, उगाच हौस नको. कॉलम बहुतेक लॅबमध्ये असतोय, चालवणारा माणूसपण मिळतोय.

डेक्स्ट्रानचं मात्र तसं नाही. तोडलेला ऊस ट्रॉलीत पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू त्यातल्या साखरेपासून हे बनवतो, मग रस चिकट होतो, गाळायला जड जातो, साखरेचा दाणा लांबुडका येतो, आणि वर पोलचं, म्हणजे रसातली साखर मोजायच्या चाचणीचं, रीडिंगपण खोटंच जास्त दाखवतं. याच्या साखळ्या कोटी डाल्टनच्या वर जाऊ शकतात. एवढ्या मोठ्या साखळ्या कॉलमच्या छिद्रांत शिरतच नाहीत, सगळ्या मिळून पहिल्याच पीकमध्ये (आलेखावरच्या उंचवट्यात) बाहेर येतात, म्हणजे वेगळं काहीच झालं नाही. त्यात प्रेशरनं साखळ्या तुटायचीबी भीती, आणि कॉलम वाचवायला सँपल आधी फिल्टर केलं की जे मोजायचं होतं त्यातलंच थोडं फिल्टरवर राहतंय!

एफएफएफमध्ये भरलेला कॉलमच नसतो. युटा विद्यापीठातल्या कॅल्विन गिडिंग्ज यांनी १९६६ साली मांडलेली ही पद्धत. एक मिलिमीटरहून पातळ, रिकामं चॅनल, त्यातनं द्रव वाहतो आणि आडवं बल सगळे कण एका भिंतीकडं दाबतं. मलप्रभेच्या पात्रात जशी मधोमध ओढ जास्त आणि काठाला पाणी संथ, तसंच आतपण असतं. बारके कण डिफ्युजननं (आपोआप पसरण्यानं) भिंतीपासून लांब, जोराच्या पाण्यात येतात म्हणून आधी निघतात, मोठे काठाला रेंगाळतात. म्हणजे एसईसीच्या बरोबर उलटा क्रम. पण साधारण एक मायक्रॉनच्या वर गेलं की हाच क्रम पुन्हा फिरतो, मोठा कण स्वतःच्या जाडीमुळंच जोराच्या पाण्यात डोकं काढतो. म्हणून रसातली माती-चोथा आधी सेंट्रिफ्यूज करून काढायचाच, नाहीतर तो बारक्यांच्या पीकमध्ये घुसतोय.

आपल्या कामाला यातला एएफफोर (असिमेट्रिकल फ्लो एफएफएफ) हा प्रकार, ज्यात आडवं बल म्हणजे क्रॉसफ्लो, आडवा वाहणारा द्रव, आणि खाली मेम्ब्रेन, म्हणजे बारीक छिद्रांचा पडदा. सेंट्रिफ्यूगलवाला जड नॅनोकणांना भारी, थर्मलवाला ऑरगॅनिक सॉल्व्हंटमधल्या पॉलिमरला, ते सोडा.

आता त्रासाचं ऐका. एएफफोरमध्ये मेथड बसवण्यातच वेळ जातो, क्रॉसफ्लो किती, तो कसा कमी करत न्यायचा, फोकसिंग (सुरुवातीला सँपल एका जागी गोळा करणं) किती मिनिटं, मीठ किती, सगळं सँपलप्रमाणं बदलतंय. मेम्ब्रेनला माल चिकटतो. १० किलोडाल्टनची मेम्ब्रेन असेल तर त्याखालचं बरंचसं आरपार निघून जातं, म्हणजे बारक्या तुकड्यांसाठी पुन्हा एसईसीच बरी.

डीएलएसवर (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, विखुरलेल्या प्रकाशावरनं कणांची साइज काढायची पद्धत) भागेल काय? सरासरी साइजचा अंदाज पटकन येतो, पण प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घातानं विखुरतो, दहापट मोठा एक कण दहा लाख बारक्यांएवढा चमकतो. मिश्रणात बारके दिसतच नाहीत.

डिटेक्टरवर मात्र कंजुषी करू नका. नुसत्या यूव्हीवर (अतिनील प्रकाशावर) डेक्स्ट्रान जवळजवळ दिसत नाही, आरआय (रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स) डिटेक्टर पाहिजेच, आणि मल्टी-अँगल लाइट स्कॅटरिंग असेल तर वजन थेट निघतं. पुलुलानच्या (सरळ साखळीच्या दुसऱ्या साखर-पॉलिमरच्या) स्टँडर्डवर कॅलिब्रेशन करून काढलेला आकडा फांद्या फुटलेल्या डेक्स्ट्रानला कमी पडतो, मग मशीन कुठलंबी असूदे. सँपल बाहेर पाठवणार असाल तर लॅबला आधी विचारून घ्या, क्रॉसफ्लो बंद ठेवून एक रन करून रिकव्हरी, म्हणजे टाकलेल्यातलं किती बाहेर आलं, ते देणार काय. नाही म्हटले तर दुसरी लॅब बघा की.