स्टेलॅरियम : बेथलेहेमच्या ताऱ्याचा माग काढताना

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडून आलेले मागी लोक, म्हणजे ज्योतिष जाणणारे ज्ञानी, यरुशलेमेत (जेरुसलेममध्ये) नवजात राजाची चौकशी करतात आणि त्याचा तारा आपण पाहिल्याचे सांगतात. हा तारा म्हणजे आकाशात खरोखर घडलेली कोणती घटना असावी, यावर शतकानुशतके तर्क चालले आहेत. ते तर्क वाचणे वेगळे आणि त्या त्या रात्रीचे आकाश समोर उभे करून तपासणे वेगळे. हे दुसरे काम घरबसल्या करू देणारी स्टेलॅरियम ही मोफत, मुक्तस्रोत संगणकप्रणाली गेल्या डिसेंबरात मी मुख्यतः याच शोधासाठी वापरली, आणि हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

प्रणाली उघडल्यावर एफ६ दाबून स्थळ म्हणून जेरुसलेम निवडावे आणि एफ५ दाबून तारीख भरावी. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. इतिहासाच्या कालगणनेत शून्य वर्ष नाही, खगोलशास्त्राच्या गणनेत मात्र आहे, त्यामुळे इ.स.पू. ७ चे आकाश हवे असेल तर वर्षाच्या चौकटीत उणे ७ नव्हे, उणे ६ लिहावे लागते. माझी पहिली संध्याकाळ एक वर्ष आधीच्या आकाशात गुरू आणि शनी शोधण्यात गेली. दोष प्रणालीचा नव्हता, माझाच होता.

सर्वांत अधिक चर्चा होते ती इ.स.पू. ७ मधल्या गुरू-शनी युतीची. त्या वर्षी मीन राशीत हे दोन ग्रह मेअखेरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीनदा एकमेकांजवळ आले, कारण मधल्या काळात दोघेही वक्री होऊन, म्हणजे उलट दिशेने सरकताना दिसून, पुन्हा मार्गी झाले. कागदावर हे फार भव्य वाटते. पडद्यावर दिवसामागून दिवस पुढे सरकवत ते पाहिले, तेव्हा मात्र माझी निराशा झाली. तिन्ही वेळा दोन ग्रहांमधले अंतर सुमारे एक अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या दुप्पट राहते आणि दोन्ही ग्रह शेवटपर्यंत वेगवेगळेच दिसतात. २१ डिसेंबर २०२० ची गुरू-शनी युती ज्यांनी सूर्यास्तानंतर गच्चीवरून पाहिली असेल, त्यांना आठवेल की तेव्हा हे अंतर अंशाच्या दहाव्या भागाइतके होते. तरीही लक्ष देऊन पाहणाऱ्याला दोन ठिपके वेगळे ओळखू येत होते. इ.स.पू. ७ साठी बॅबिलोनियन ज्योतिर्विदांनी मातीच्या पाट्यांवर केलेली पंचांगे आज उपलब्ध आहेत. त्यांत गुरू आणि शनी मीन राशीत असल्याची नोंद आहे, पण युतीचा वेगळा गाजावाजा नाही.

या युतीच्या बाजूचा खरा युक्तिवाद दृश्यापेक्षा अर्थावर उभा आहे आणि तो समजून घ्यायला मराठी वाचकाला फारसे कष्ट पडू नयेत. ‘पूर्वेस तारा पाहिला’ यातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘उदयाच्या वेळी’ असाही होतो. आपल्या पंचांगात गुरूचा अस्त आणि उदय दिलेला असतो आणि अस्तकाळात लग्नाचे मुहूर्त टाळले जातात. सूर्यतेजात लोपलेला ग्रह पहाटे पूर्वेला पुन्हा प्रथमच दिसणे, हाच तो उदय. तसेच बालक होते त्या जागेवर ‘तारा थांबला’ या शुभवर्तमानातल्या वाक्याचा अर्थ ग्रह स्तंभी झाला, म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत काही काळ जागीच राहिला, असा लावणारेही आहेत. तो मात्र मला पटला नाही, आणि न पटण्याचे श्रेय स्टेलॅरियमला जाते. मागी जेरुसलेमहून ज्या बेथलेहेमला गेले ते दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटरवर, म्हणजे पायी सुमारे दोन तासांवर आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला अंधार पडल्यावर गुरू आणि शनी खरोखरच दक्षिणेला, चांगल्या उंचीवर दिसतात आणि क्षणभर वाटते की सापडले. मग घड्याळ दोन तास पुढे नेले की दोघेही नैऋत्येकडे कललेले असतात. ग्रह ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर स्तंभी असला, तरी आकाशाचे रोजचे फिरणे थांबत नाही आणि एका घरावर बोट ठेवणे त्याला जमत नाही.

जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलरने या युतीलाच तारा ठरवले, असे सरसकट लिहिले जाते. ते बरोबर नाही. डिसेंबर १६०३ मध्ये त्याने गुरू-शनी युती पाहिली, पुढच्या वर्षी मंगळही त्यांच्याजवळ आला आणि ऑक्टोबर १६०४ मध्ये त्याच भागात एक अतिनवतारा, म्हणजे स्फोटामुळे एकाएकी तेजाळलेला तारा, प्रकटला. ख्रिस्तजन्माच्या वेळीही युतीपाठोपाठ असा वेगळा नवा तारा उगवला असावा, असे त्याचे मत होते. स्टेलॅरियममध्ये ऐतिहासिक अतिनवताऱ्यांसाठी वेगळे प्लगइन आहे. ते सुरू करून १६०४ च्या ऑक्टोबरातली संध्याकाळ लावली, की भुजंगधारी या तारकासमूहाच्या पायथ्याशी तो तारा आणि आसपासचे ग्रह असा देखावा दिसतो, आणि केपलरला दोन्हींचा संबंध का जोडावासा वाटला हे एका नजरेत कळते. माझ्या मते या प्रणालीचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे.

इ.स.पू. ६ च्या १७ एप्रिलला मेष राशीत चंद्राने गुरूचे पिधान केले, म्हणजे त्याला झाकले, हा आणखी एक सिद्धान्त. तो पाहायला ‘ए’ ही कळ दाबून वातावरण काढून टाकावे लागते, कारण घटना भर दिवसा, सूर्याच्या जवळ घडते. गणित करणाऱ्या ज्योतिषाला ती कळली असेल. डोळ्यांना दिसली असणे अवघड आहे. याउलट इ.स.पू. २ च्या १७ जूनची शुक्र-गुरू युती पडद्यावर अप्रतिम दिसते : पश्चिमेला सिंह राशीत, मघेपासून फार दूर नाही, दोन्ही ग्रह एकच ठिपका होऊन जातात आणि पुष्कळ झूम केल्यावरच वेगळे होतात. अडचण एवढीच, की शुभवर्तमानानुसार ज्याच्या कारकिर्दीत ख्रिस्तजन्म झाला तो हेरोद राजा बहुतेक अभ्यासकांच्या मते तोवर मरण पावला होता. त्याच्या मृत्यूपूर्वी चंद्रग्रहण झाल्याचे पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याने लिहिले आहे आणि ते सहसा इ.स.पू. ४ च्या १३ मार्चचे मानले जाते. तेही मी लावून पाहिले. ते साधे खंडग्रास ग्रहण आहे.

इतक्या जुन्या काळासाठी आकडे विश्वासार्ह आहेत का, हा प्रश्न रास्त आहे. पृथ्वीचे परिवलन मंदावत गेल्यामुळे दोन हजार वर्षांत घड्याळात सुमारे तीन तासांची तफावत पडते. प्रणाली ती हिशेबात घेते आणि वरच्या सगळ्या प्रयोगांसाठी तेवढी अचूकता पुरेशी आहे. शाळेतल्या मुलांना सोबत बसवून हे करावे. पैसे लागत नाहीत आणि साधा लॅपटॉप पुरतो.

जिथे या प्रणालीचा हात पोहोचत नाही, ती बाजू धूमकेतूंची आहे. इ.स.पू. ५ च्या वसंतात चिनी दरबारी निरीक्षकांनी मकर राशीच्या भागात एक ‘झाडू-तारा’ सत्तरहून अधिक दिवस पाहिल्याची नोंद आहे. वसईतल्या नाताळगोठ्यांवर टांगतात त्या शेपटीच्या ताऱ्याशी सर्वांत जवळचे साम्य असलेला हा उमेदवार. पण त्याची कक्षा ज्ञात नसल्यामुळे कोणतीही प्रणाली तो काढून दाखवू शकत नाही. त्या दिवसांतली पहाट लावून मकरेचा भाग मी पडद्यावर मोठा करून पाहिला. तिथे नेहमीचे मंद तारे होते आणि बाकी जागा मोकळी होती.