मशीन लावायला नकार देणारं श्वान-पार्लर (लष्कर भाग, ग्वाल्हेर)

आमचा बंड्या पांढरा स्पिट्झ, वय ५ वर्षं. मागच्या मे महिन्यात लू सुरू झाली तेव्हा मी दुसऱ्याच एका पार्लरमध्ये त्याचे सगळे केस उतरवून आणले. आठवडाभरात पाठ लालभडक. केस परत आले तेही विरळ, आणि जानेवारीत पारा ५ अंशांच्या खाली गेल्यावर बिचारा रात्रभर कुडकुडायचा. ती चूक माझ्या अजून मनाला लागून आहे.

यंदा लष्करातल्या या दुकानात गेले. म्हटलं, सगळं काढून टाक. तो मुलगा म्हणाला, "काकू, पैसे देऊ नका हवं तर, पण मशीन नाही लावणार." मग बंड्याचे केस बोटांनी फाकवून दाखवले. वरचे लांब, राठ केस ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. खालची मऊ लोकर थंडीसाठी, ती दिवस मोठा व्हायला लागला की शरीर आपणच टाकतं. आमच्याकडे रात्री ११ पर्यंत ट्यूबलाइट असते, त्यामुळे हा हिशेब बिघडतो आणि लोकर वर्षभर थोडी थोडी गळत आत अडकून राहते.

दीड तास तो फक्त तेवढीच मेलेली लोकर काढत होता. गाठी हाताने सोडवल्या, मग कंगवा, मग ब्लोअर, तोही गार हवेचा. पिशवीभर निघाली! ७०० रुपये घेतले.

कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांना, बाकी सगळी भिस्त धापेवर, हे त्याच्याकडूनच कळलं. म्हणून ओला पंचा पाठीवर न टाकता पोटाखाली ठेवायचा, तिथे केस कमी. जुलैत हवा दमट झाली की धापेनेही ओलावा उडत नाही, तेव्हा कूलरने उलट त्रास वाढतो. उन्हाची सवय मात्र हळूहळूच लावायची, सकाळचं फिरणं ८-१० दिवसांत थोडं थोडं वाढवत. माणसाचंही तसंच असतं. एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. माझे सासरे चैत्रापासून रोज थोडा वेळ अंगणात काम करायचे, त्यांना लू कधी बाधली नाही.

बसायला एकच खुर्ची आहे, रविवारी ताटकळावं लागतं. मी सप्टेंबरअखेरची वेळ आत्ताच घेऊन ठेवली आहे, हिवाळ्याची लोकर भरायच्या आत.