हेमॅटॉक्सिलिन, आठ महिन्यांनंतर

हेमॅटॉक्सिलिन हा मुळातलं अ‍ॅल्युमिनियम जांभळं करून दाखवणारा रंग, आणि आठ महिने मी तो गव्हाच्या मुळांवर वापरतेय. गेल्या आठवड्यात कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली, मुळं जांभळी झाली. नुसत्या कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणात वाढलेली, अ‍ॅल्युमिनियमचं तोंडही न पाहिलेली गव्हाची मुळं, आणि टोकं अ‍ॅल्युमिनियम दिलेल्यांइतकीच गडद. आठ महिन्यांत असं कधी झालं नव्हतं.

चूक माझीच. हेमॅटॉक्सिलिनची पावडर संपत आली होती, नवी मागवायचं जिवावर आलं होतं, आणि शेजारी स्लाइडवर पेशींची केंद्रकं रंगवणाऱ्यांकडे तयार हेमॅटॉक्सिलिनची जवळजवळ भरलेली बाटली पडून होती. फुकट मिळालं तर कोण सोडतं? पण मेयर किंवा हॅरिसच्या त्या तयार रंगात तुरटी असते. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच, रंग पक्का बसावा म्हणून मुद्दाम घातलेलं. आपल्याला हवं ते बिनतुरटीचं: ०.२ टक्के पावडर, ०.०२ टक्के आयोडेट. आयोडेट त्याचं हेमॅटीन, म्हणजे खरा रंग देणारं रूप, करतं आणि ते उपाशीपोटी मुळातलं अ‍ॅल्युमिनियम शोधत फिरतं. तुरटीवालं घरूनच जेवून आलेलं असतं.

एवढं सोडलं तर पद्धतीबद्दल तक्रार नाही. पोल, कोन्झाक आणि किट्रिक यांनी १९७८ मध्ये गव्हाच्या रोपांसाठी दिलेली ही चाचणी आजही तशीच चालते. पंधरा-वीस मिनिटं रंगात, मग डिस्टिल्ड पाण्यात नीट धुणं, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. अ‍ॅल्युमिनियम न सोसणाऱ्या नाजूक वाणाचं टोक शाईत बुडवल्यासारखं दिसतं, आणि साल जिथे आडवी तडकली असेल तिथे गडद पट्टे. सहनशील वाण मुळातून मॅलिक आम्ल सोडून अ‍ॅल्युमिनियमला बाहेरच अडवतं, त्यामुळे टोक फिकट राहतं. एक सूचना: वाढीच्या द्रावणात फॉस्फेट घालू नका. अ‍ॅल्युमिनियम त्याच्याबरोबर खाली बसतं आणि सगळेच वाण सहनशील वाटायला लागतात.

आता फॉईल. यावर मी जरा जास्तच बोलते, हे मला माहीत आहे. मोरिन आणि ल्युमोगॅलिऑन हे अ‍ॅल्युमिनियमला चिकटून चमकणारे दुसरे दोन रंग उजेडात खराब होतात म्हणून प्रत्येक जण कुप्यांना फॉईल गुंडाळतो. अ‍ॅल्युमिनियमची! शोधायचं काय आणि गुंडाळायचं काय! त्यावर आम्लाचे हात लागतात, तिचे चुरे टेबलावर पडतात, त्याच टेबलावर आपण मुळांची टोकं कापतो. मी काळा कागद आणला. लोक हसले. मग एकाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक्स-रे स्पेक्ट्रम काढला आणि १.४९ केईव्हीला, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या जागी, मस्त शिखर आलं म्हणून खूश झाला. नमुना ज्या चकतीवर चिकटवला होता ती अ‍ॅल्युमिनियमची होती. त्यानंतर कोणी हसलं नाही.

तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं मत होतं की हेमॅटॉक्सिलिन पुरे, बाकी सगळे चोचले. ते बदललं. हा रंग जिवंत पेशीत सहज शिरत नाही, जे दिसतं ते मुख्यतः पेशीबाहेरचं. आणि लोहाशीही त्याची मैत्री आहे. म्हणून मोरिन घेतलं. निळ्या-जांभळ्या उजेडात सुंदर हिरवं चमकतं, फोटो छान येतात. पण त्याच खेपेची टोकं आयसीपीला, म्हणजे विरघळवलेल्या नमुन्यातलं अ‍ॅल्युमिनियम मोजणाऱ्या यंत्राला, दिली तर तिथे आकडा भरपूर, आणि मोरिनखाली नुसता मंद उजेड. कारण पेशीभित्तीतल्या पेक्टिनला घट्ट धरून बसलेलं अ‍ॅल्युमिनियम मोरिनला दिसतच नाही, आणि मुळाच्या टोकात बहुतेक साठा तिथेच असतो. ल्युमोगॅलिऑन त्या मानाने भरवशाचं, नारिंगी चमक, मुळाच्या स्वतःच्या चमकेपासून वेगळी ओळखू येते. महाग आहे, म्हणून मी थेंबाथेंबाने वापरते.

आयसीपीचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य, हेही आता मानत नाही. भूकवचात वजनाने सुमारे ८ टक्के अ‍ॅल्युमिनियम आहे. पानावरची चिमूटभर धूळ साध्या झाडाला संचयक, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम साठवणारं, ठरवू शकते. वाळलेल्या पानात किलोला १००० मिलिग्रॅम ही संचयकाची रूढ मर्यादा. चहाची जून पानं ती सहज ओलांडतात, त्यांच्याबाबत शंका नाही. पण दुसऱ्या कुठल्या पानाचा आकडा मर्यादेच्या आसपास घुटमळत असेल तर त्याच नमुन्यात टायटॅनियम मोजा. झाड ते फारसं घेत नाही. ते वर गेलं असेल तर तुम्ही माती मोजताय. आणि आम्लात विरघळवायला काचेऐवजी प्लॅस्टिक किंवा टेफ्लॉन वापरा, बोरोसिलिकेट काचेतही थोडं अ‍ॅल्युमिना असतंच. माझा ब्लँक, म्हणजे नमुना न घालता घेतलेला आकडा, दोन महिने याच कारणाने वर होता आणि मी शिव्या यंत्राला देत होते.

पावडर शेवटी मागवली. सोमवारी नवा रंग केला, कंट्रोलची मुळं पांढरी निघाली. तयार रंगाची बाटली परत ठेवून आले, वर मोठ्या अक्षरात ‘तुरटी आहे’ लिहून.