ढोलकी-फड आणि संगीत-बारी
तमाशा ही एकच लोककला मानली जात असली, तरी तिच्यात दोन निराळी जगे नांदतात. ढोलकी-फडाचा तमाशा गण (गणेशवंदना), गवळण (कृष्ण-गौळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद) आणि वग (कथानाट्य) अशा क्रमाने रंगतो. तंबू घेऊन तो गावोगावच्या जत्रांतून फिरतो आणि त्याच्या बऱ्याच सुपाऱ्या, म्हणजे कार्यक्रमांचे करार, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात ठरतात. संगीत-बारीत वग नसतो. तेथे कला केंद्रात मुक्कामी असलेल्या पार्टीतील, म्हणजे कलावंतांच्या संचातील, स्त्रिया मोजक्या रसिकांसमोर लावणी गातात आणि एकाच ओळीवर, बसल्या जागी, नजरेने व हातांच्या हालचालींनी पुनःपुन्हा नवा अर्थ उभा करतात. माझ्या मते खरी सूक्ष्म कला हीच. लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांची अदाकारी याच परंपरेतली. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, आणि हा विलंब मला आजही सलतो.