डिस्कचा गंजलेला स्क्रू: ठोकून सोडवायचा, ड्रिल करायचा, की गाडी गॅरेजला न्यायची?

समुद्राकाठच्या गाडीची पुढची ब्रेक डिस्क बदलायला घेतली की कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) मोठे बोल्ट सुटतात, पण काम अडतं ते बारीक स्क्रूंपाशी. होंडा सिटी, ह्युंदाई आय-२० यांच्या डिस्कला चौफुली खाचेचे दोन स्क्रू असतात. फोक्सवॅगन पोलोला एकच असतो, चांदणीच्या खाचेचा, टी-३० मापाचा. हर्णेपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही गाडी खाऱ्या वाऱ्यात उभी राहत असेल, तर हे स्क्रू सरळपणे निघतील असं धरून चालू नये.

मार्ग निवडण्याआधी हा स्क्रू करतो काय ते समजून घ्या. कारखान्यात गाडी जोडताना डिस्क हबवरून (चाक ज्यावर बसतं त्या भागावरून) घसरू नये, एवढंच त्याचं काम. चाकाचे नट आवळले की डिस्क धरून ठेवतात ते नटच. ब्रेकचा जोर या स्क्रूवर येत नाही. तेव्हा स्क्रू वाचवायची धडपड करू नका. वाचवायचे ते हबमधले आटे, आणि डिस्क लेथवर घासून परत लावायची असेल तर डिस्कही. मग तो धरतो तरी इतका घट्ट का? त्याचं डोकं खालून निमुळतं असतं आणि बिडाच्या डिस्कमधल्या तशाच निमुळत्या खळग्यात बसतं. मिठाचा दमटपणा त्या सांध्यात शिरतो, ब्रेकच्या उष्णतेने सुकतो, पुन्हा शिरतो. खरी पकड असते ती डोक्याखालच्या त्या गंजाची. आटे बऱ्याचदा तितके अडकलेले नसतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पहिल्याच प्रयत्नात. घरातला स्क्रू ड्रायव्हर बहुधा २ नंबरचा असतो आणि होंडाच्या या ६ मिमी स्क्रूला लागतो ३ नंबरचा. शिवाय जपानी गाड्यांची खाच फिलिप्ससारखी दिसली तरी तिची घडण थोडी वेगळी, जेआयएस (जपानी मानक) पद्धतीची असते. साधा फिलिप्स बिट जोर दिला की वर चढतो आणि खाचेच्या कडा खरवडून टाकतो. खाच टोकदार तारेने गंज-मातीपासून साफ करा, बिट बसवून हलवून बघा, आणि तो जराही डुलत असेल तर जोर लावू नका.

खाच शाबूत असेल तर माझं मत ठाम आहे: हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात हजार रुपयांच्या आत मिळतो. हातोडीचा घाव बसला की आतली रचना तोच जोर वळवण्यात बदलते; बिट खाचेत दाबला जातो आणि त्याच क्षणी डावीकडे फिरतो. बिट वर चढायला वावच राहत नाही. ड्रायव्हर सोडवण्याच्या दिशेला लावलाय ना ते बघा, हाताने डावीकडे ताण देऊन धरा आणि किलोभराच्या हातोडीने सरळ, नेमका घाव घाला. हलके दहा ठोके घालण्यापेक्षा असा एकच बरा, कारण प्रत्येक ठोका मागच्या बेअरिंगलाही जाणवतो. हे काम कॅलिपर काढायच्या आधी करा. घरच्या कुणाला ब्रेक दाबून बसायला सांगितलं की डिस्क फिरत नाही.

बॅटरीवरचा इलेक्ट्रिक इम्पॅक्ट ड्रायव्हर असेल तर तोही चालतो, पण पूर्ण वजन टाकून दाबावा लागतो. फक्त या दोन स्क्रूंसाठी तो विकत घेऊ नये.

गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवलात तर मदतच होते, पण नुसत्या स्प्रेच्या भरवशावर राहू नका. त्या निमुळत्या सांध्यात तो फार कमी उतरतो. रॉकेल, डिझेल, जुनं इंजिन ऑइल ब्रेकजवळ नकोच. कॅलिपरच्या आतली रबरं खनिज तेलाने फुगतात, आणि पॅडने तेल प्यायलं तर तो फेकावाच लागतो. स्प्रेसुद्धा स्क्रूपुरताच मारा आणि डिस्क नंतर ब्रेक क्लीनरने पुसून घ्या.

खाच उडाली असेल तर दोन रस्ते. जुना रस्ता छिन्नीचा: डोक्याच्या कडेजवळ खाच पाडायची आणि छिन्नी तिरकी धरून डोकं डावीकडे ठोकत न्यायचं. खर्च शून्य, आणि डिस्क टाकायचीच असेल तर तिच्यावर ओरखडे उठले म्हणून बिघडत नाही. पण हात बसलेला नसेल तर वेळ फार जातो. मी ड्रिलच्या बाजूचा आहे. डोक्याच्या मधोमध पंच मारा, ४ मिमीच्या बिटने वाट करून घ्या, मग ८ मिमीचा बिट कमी वेगात, तेलाचा थेंब देत चालवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. खोल जायचं नाही; डोकं सुटून बिटाबरोबर फिरायला लागलं की थांबा. हबमध्ये शिरण्याची गरजच नाही. डिस्क निघाल्यावर स्क्रूचा दांडा बाहेर डोकावतो आणि डोक्याचा ताण गेलेला असल्याने व्हाइस ग्रिपने (पकड घट्ट अडकून राहणाऱ्या पक्कडीने) धरून बऱ्याचदा सहज फिरतो. लोक ड्रिलला घाबरतात, पण नवी डिस्क हाताशी असेल तर मला हा सगळ्यात निर्धास्त मार्ग वाटतो.

ईझी-आउट, म्हणजे तुटक्या स्क्रूत भोक पाडून त्यात रुतवून तो उलटा फिरवायचं हत्यार, मात्र घरी वापरू नका. ते कडक पोलादाचं आणि ठिसूळ असतं. आत मोडलं तर साधा बिट त्याला चावत नाही, आणि मग पूर्ण हब काढायची पाळी येते. गॅसच्या ज्योतीने तापवणं त्याहून वाईट: शेजारी बेअरिंगचं ग्रीस आणि सील, एबीएसचा सेन्सर, ब्रेकचा होज. त्यात ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेला आग दाखवायची म्हणजे जिवाशी खेळ. काही क्लीनर पेटतात, आणि क्लोरीन असलेले तापले की विषारी वायू सोडतात.

गॅरेज कधी गाठायचं? दांडा हबच्या तोंडाशीच तुटला तर, किंवा गाडी उभी करायला सपाट, पक्की जागा नसेल तर. आपल्याकडे दुसरी अडचण जास्त येते. उतरतं अंगण किंवा पावसाने भुसभुशीत झालेली माती, त्यावर जॅक आणि हातोडीचे घाव, हे जुळवून घेऊच नका. चिऱ्यांची किंवा काँक्रीटची सपाट जागा, स्टँड, मागच्या चाकांना ओट (अडसर); हे सगळं असेल तरच घरी हात घाला. शक्यतो मिरगाआधीच उरका. स्क्रू तुम्हीच घरी सोडवून, सैल परत लावून, चाक आवळून गाडी गॅरेजला न्यायचा मधला मार्गही आहे. मजुरीबद्दलची घासाघीस टळते.

स्क्रू निघूनही डिस्क हबला चिकटलेलीच राहू शकते. बऱ्याच डिस्कवर ८ मिमी बोल्टची दोन आटेदार भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की डिस्क पुढे ढकलली जाते.

काही जण स्क्रू परत लावतच नाहीत. गाडी चालते, हे खरं. पण पुढे कधी चाक काढलं की डिस्क कलते, गंजाचा कण डिस्क आणि हबच्या मध्ये जाऊन बसतो आणि ब्रेक दाबल्यावर पॅडल थरथरतं. पोलोसारख्या, चाकाला नटाऐवजी बोल्ट असलेल्या गाडीत तर भोकं जुळवायला तो लागतोच. त्यामुळे हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासून नवा स्क्रू लावा, आट्यांना आणि डोक्याखाली अँटी-सीझचा (आटे गंजून अडकू नयेत म्हणून लावायच्या पेस्टचा) पातळ हात द्या, आणि होंडाचा असेल तर साधारण १० न्यूटन-मीटरवर थांबा, म्हणजे मनगटाच्या बेताच्या जोरावर. चाकाचे नट टॉर्क पान्ह्याने आवळा, आणि गाडी हलवण्याआधी पॅडल कडक लागेपर्यंत ब्रेक दाबत राहा; कॅलिपरमधले पिस्टन मागे ढकललेले असतील तर पहिल्या दाबात ब्रेक लागत नाही.