सिंगल-स्टेज की टू-स्टेज? न्यू जर्सीच्या थंडीसाठी फर्नेस निवडताना

घर तापवणारा जुना 80 टक्केवाला गॅस फर्नेस (गॅसमधली 80 टक्के ऊब घराला देणारा) बदलायची वेळ आली की बहुधा दोन कोटेशनं हातात येतात: 96 टक्क्यांचा सिंगल-स्टेज, जो एकाच जोरात जळतो, आणि तेवढ्याच टक्क्यांचा टू-स्टेज, जो कमी आणि पूर्ण अशा दोन टप्प्यांत जळतो. 80 की 96, यावर न्यू जर्सीत फार घोळ घालण्यासारखं काही नाही. आज जिथे 100 थर्म (बिलात गॅस मोजायचं एकक) गॅस जळतो, तिथे 96 टक्क्यांत साधारण 83 पुरतात. कॅनडात तर नव्या फर्नेसला किमान 95 टक्क्यांची अटच आहे. एक गोष्ट मात्र आधी विचारा. नवा फर्नेस धूर पीव्हीसी पाइपातून बाहेर सोडतो, म्हणजे जुन्या चिमणीत गॅसचा वॉटर हीटर एकटाच उरतो. त्याला ती चिमणी मोठी पडते. धूर वाटेतच गार होऊन आत पाणी धरतं, कधी धूर बेसमेंटमध्ये उलटतो. चिमणीत लायनर, म्हणजे आतला अरुंद पाइप, घालायचा खर्च कोटेशनमध्ये धरलाय का, ते पाहून घ्या.

आता मुख्य निवड, सिंगल-स्टेज की टू-स्टेज. गॅसच्या बिलात या दोघांत नावापुरताच फरक पडतो. टू-स्टेज घेतला की गॅस वाचेल, एवढ्या एकाच कारणासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. फरक आहे तो ऊब घरात कशी पसरते, यात.

सिंगल-स्टेज पेटला की पूर्ण जोरातच पेटतो. बाहेर 40 अंश फॅरनहाइट असताना मध्यम आकाराच्या घराला तासाला 20,000 बीटीयू (उष्णतेचं एकक) च्या आसपास पुरतात. तासाला 60,000 बीटीयूचा गॅस जाळणारा 96 टक्क्यांचा फर्नेस मात्र 57,600 च्या वेगाने ऊब ओततो. काही मिनिटांत हॉलमधल्या थर्मोस्टॅटवर लावलेलं तापमान गाठलं जातं आणि बर्नर बंद. जवळच्या बेडरूममध्ये तोवर पांघरूण फेकावंसं वाटतं, आणि गॅरेजवरच्या खोलीकडे जाणारा लांब डक्ट अजून स्वतःच तापत असतो. थोड्या वेळाने पुन्हा तोच भपका, तोच आवाज. माझा कौल फिरला तो या एका त्रासामुळे. टू-स्टेजचा पहिला टप्पा पूर्ण जोराच्या 65-70 टक्क्यांवर चालतो, ब्लोअरही हळू फिरतो, त्यामुळे एकेक फेरी लांबते आणि टोकाच्या खोलीला तिचा वाटा मिळतो. तापमापी लावून मी हे मोजलेलं नाही. पण गॅरेजवरच्या खोलीत वेगळा इलेक्ट्रिक हीटर लागत नाही, एवढं मला पुरेसं वाटतं.

सिंगल-स्टेजच्या बाजूनेही बोलायला हवं. त्याचा गॅस व्हॉल्व्ह आणि बोर्ड साधा, दुरुस्ती स्वस्त. एकमजली घर, आखूड डक्ट आणि मापात बसणारा फर्नेस असेल तर तोच घ्यावा. मॉड्युलेटिंग, म्हणजे गरजेप्रमाणे जोर थोडा थोडा कमी-जास्त करणारा, टू-स्टेजहूनही सुखाचा, पण त्याला बऱ्याचदा त्याच कंपनीचा थर्मोस्टॅट लागतो आणि सुटे भाग महाग पडतात.

माप चुकलं तर मात्र टू-स्टेजचे पैसेही वाया. 80,000 चा घेतला तर पहिला टप्पाच 50,000 च्या आसपास ऊब देतो, म्हणजे पुन्हा तीच उघडझाप. म्हणून जुना फर्नेस काढण्याआधी कडाक्याच्या रात्री, 15 अंश फॅरनहाइटच्या सुमारास, तो तासाभरात किती मिनिटं जळतो ते नोंदवा. 80,000 चा, 80 टक्केवाला तासाला 64,000 देतो. 35 मिनिटं जळत असेल तर घराची गरज 37,000 च्या आसपास. तिथे 60,000 चा भरपूर झाला. हा आकडा कंत्राटदारापुढे ठेवा आणि खोलीवार हिशोब, म्हणजे मॅन्युअल जे, करूनच माप ठरवायला सांगा.

टू-स्टेज ठरला तर थर्मोस्टॅटपर्यंतच्या वायरी मोजून घ्या. जुन्या घरात हीटसाठी बहुधा डब्ल्यू1 (पहिल्या टप्प्याची) ही एकच वायर असते. डब्ल्यू2 (दुसऱ्या टप्प्याची) नसेल तर बसवणारा फर्नेसच्या बोर्डावरचा डिप स्विच, म्हणजे छोटी कळ, टायमरवर ठेवून जातो, आणि ठरावीक मिनिटं झाली की गरज असो-नसो, फर्नेस दुसऱ्या टप्प्यावर चढतो. भिंतीतून नवी 18/8 केबल (18 गेजच्या आठ तारांची) ओढायचं काम कोटेशनमध्येच लिहून घ्या. फर्नेस बसल्यावर त्यासाठी कुणी परत येत नाही.